लाकडी डेकला ऑइल स्टेन: कोणता निवडावा आणि पुढे निगा कशी राखावी?

ओसरी

नमस्कार मंडळी. घराच्या मागच्या बाजूला प्रेशर ट्रीटेड (दाबाखाली संरक्षक द्रावण मुरवलेल्या) पाइनचा डेक आहे. तीन बाजू उघड्या, वर छप्पर नाही. फळ्या चांगल्याच करड्या पडल्यात. भिंतीलगत सावली असते, तिथे हिरवट शेवाळ धरतं, आणि येण्याजाण्याच्या वाटेवर लाकडाचे तंतू उभे राहिलेत. अनवाणी चाललं की टोचतात. घर घेतलं तेव्हाच डेक असा होता, त्यामुळे आधी काय लावलं होतं ते ठाऊक नाही. कठड्याच्या आतल्या कोपऱ्यात तपकिरी रंगाचा अंश मात्र दिसतो.

रंग फासायचा नाही एवढं पक्कं आहे, लाकडाच्या रेषा दिसायलाच हव्यात. म्हणून ऑइल स्टेनकडे वळले, तर डब्यांवरची नावं वाचून गोंधळ उडतो: क्लिअर, टोन्ड, सेमी ट्रान्स्परंट, सेमी सॉलिड, पाण्यातला, तेलातला, हार्डवुडसाठी वेगळाच. नक्की काय बघून निवडायचं? आणि एकदा लावल्यावर दर वर्षी काय करावं लागतं?

रंधा

ताई, डब्यावरची नावं क्षणभर बाजूला ठेवा. स्टेन कुठलाही असो, दोनच गोष्टी विचारायच्या. एक, तो लाकडात मुरतो की लाकडावर बसतो? दोन, त्यात रंगद्रव्य किती आहे?

मुरणाऱ्या स्टेनमध्ये जवसाचं किंवा टंगचं तेल, नाहीतर तेलापासून बनवलेलं पातळ अल्किड रेझिन असतं. ते तंतूंमध्ये शिरतं आणि आतच सुकतं. वर बसणारा स्टेन पृष्ठभागावर पापुद्रा धरतो. नव्यानव्याने दोन्ही छान दिसतात. फरक कळतो तो उतरायला लागल्यावर. मुरलेलं तेल हळूहळू विरत जातं, फिकट पडतं. पापुद्रा तडकतो, कुठल्यातरी फटीतून पाणी आत जातं, खालचं लाकूड फुगतं आणि पोपडे सुटतात. विरलेल्यावर साफ करून पुन्हा हात मारता येतो. पोपडे मात्र आधी सगळे खरवडावे लागतात.

म्हणून “किती वर्षं टिकेल” याऐवजी “संपेल तेव्हा कसा संपेल” असं विचारावं, असं माझं स्पष्ट मत आहे. डेक आडवा असतो. पाणी त्यावर साचतं, ऊन थेट डोक्यावरून येतं, वर पायांची घासाघीस. भिंतीच्या फळीवर जे पाच वर्षं टिकतं ते डेकवर दोन-तीन वर्षांतच उतरतं. पुन्हा लावणं ठरलेलंच असेल तर पुन्हा लावायला सोपा असेल तोच घ्यावा.

तुमच्या डेकसाठी: मुरणारा, तेलातला, सेमी ट्रान्स्परंट.

भुसा

रंधा यांना अनुमोदन. रंगद्रव्याबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक लोक “नैसर्गिक रंग हवा” म्हणून क्लिअर घेतात आणि वर्षभरात निराश होतात.

लाकूड करडं पडतं ते मुख्यतः उन्हातल्या अतिनील किरणांमुळे. लाकडाच्या पेशींना धरून ठेवणारं लिग्निन हे किरण शोषतं आणि तुटतं. तुटलेलं लिग्निन पावसाने धुऊन जातं, उरतात ते सेल्युलोजचे मोकळे, करडे तंतू. ओसरीताईंच्या पायाला टोचतात ते हेच. ही झीज फार वरवरची असते. उघड्यावरच्या मऊ लाकडाचा साधारण ६ मिलिमीटर थर जायला शंभर वर्षं लागतात. म्हणजे आत लाकूड शाबूत असतं, बिघडलेला असतो तो वरचा पातळ थर.

क्लिअर तेल पाणी अडवतं, किरण अडवत नाही. किरण अडवतात ते रंगद्रव्याचे कण, बहुधा आयर्न ऑक्साइडचे. त्यामुळे रंगद्रव्य जितकं जास्त तितकं संरक्षण जास्त, आणि लाकडाच्या रेषा तितक्याच कमी दिसतात. सेमी ट्रान्स्परंटमध्ये या दोन्हींचा मेळ बसतो. छटाही अगदी फिकट घेऊ नये. मधाच्या किंवा सीडरच्या रंगाची घेतली तर उन्हाला जास्त टिकते.

अमेरिकेतल्या मॅडिसनच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीने १९५० च्या दशकात एक मिश्रण तयार केलं होतं, ‘मॅडिसन फॉर्म्युला’ म्हणून ते ओळखलं जातं. त्यात जवसाचं तेल, पाणी अडवायला पॅराफिन मेण, बुरशीसाठी पेन्टाक्लोरोफेनॉल आणि रंगासाठी बर्न्ट सिएना होतं. त्यातलं पेन्टाक्लोरोफेनॉल विषारी, ते आता कुणी घरी वापरू नये. पण तेल, पाणी अडवणारं काहीतरी, बुरशीनाशक आणि रंगद्रव्य ही चौकडी आजच्या डब्यातही तीच आहे. डब्यामागच्या माहितीत यातलं बुरशीनाशक आहे का ते आवर्जून बघा.

पाऊलवाट

मग नुसतं जवसाचं तेल आणून लावलं तर? लाकडी हत्यारांच्या मुठींना आम्ही तेच लावतो, उत्तम राहतात.

रंधा

मुठी घरात असतात, हातात घासल्या जातात. डेकसाठी नको. कच्चं जवसाचं तेल सुकायला फार वेळ घेतं, आणि बुरशीला ते खाद्य आहे. बुरशीनाशक नसेल तर ओलसर जागी काळे ठिपके धरतात आणि मग सगळा डेक मळकट दिसतो. ‘बॉइल्ड’ लिहिलेल्या तेलात लवकर सुकण्यासाठी धातूंची संयुगं घातलेली असतात. त्याने सुकण्याचा प्रश्न सुटतो, बुरशीचा आणि उन्हाचा नाही.

करवतकाठी

थोडा वेगळा सूर लावते. आमचा डेक जुना आहे, फळ्यांना भेगा आहेत, मध्ये काही बदललेल्या नव्या फळ्या आहेत. मुरणारं सेमी ट्रान्स्परंट लावलं की प्रत्येक फळी वेगळी दिसते, कारण जुनं लाकूड जास्त पितं आणि नवं कमी. शेवटी सॉलिड, म्हणजे लाकूड पूर्ण झाकणारा स्टेन, लावलं आणि सगळा डेक एकसारखा झाला. पोपड्यांचं म्हणाल तर सफाई नीट केली असेल आणि लाकूड खरोखर कोरडं असेल तर ते इतक्या सहज सुटत नाहीत. सरसकट “पापुद्रा वाईट” म्हणणं मला पटत नाही.

रंधा

करवतकाठी, तुमच्या डेकसाठी तुमचा निर्णय बरोबरच आहे. फळ्या एकमेकींशी जुळत नसतील तर झाकणारा स्टेन हाच उपाय. कठडे, खांब, पायऱ्यांच्या उभ्या बाजू इथेही सॉलिड छान टिकतो, कारण तिथे पाणी थांबत नाही. माझा आक्षेप आहे तो चालायच्या फळ्यांवरच्या सॉलिडला, आणि त्याचंही कारण एकच: तो मार्ग एकेरी आहे. तेलावरून पुढे कधीही सॉलिडकडे जाता येतं. सॉलिडवरून परत तेलाकडे यायचं तर सगळं खरवडून उघडं लाकूड गाठावं लागतं. ओसरीताईंना रेषा बघायच्या आहेत, म्हणून आधी तेल.

करवतकाठी

एकेरी मार्गाचा मुद्दा मान्य. तो आम्ही विचारात घेतला नव्हता असं नाही, पण नवीन येणाऱ्यांसाठी तुम्ही लिहिलंत ते बरं झालं.

ओसरी

मग आधी काय लावलंय ते कसं ओळखायचं? कोपऱ्यातला तो तपकिरी अंश तेलाचा की कसला?

भुसा

नखाने किंवा पत्र्याच्या पट्टीने खरवडून बघा. पातळ सालीसारखं सुटलं तर पापुद्रा आहे. लाकडाचा भुगाच निघाला आणि रंग त्या भुग्यातच असेल तर मुरलेलं तेल आहे. दुसरी खूण म्हणजे रबिंग अल्कोहोलमध्ये भिजवलेलं फडकं जोरात घासायचं. रंग मऊ होऊन फडक्याला आला तर पाण्यातलं अॅक्रिलिक असण्याची शक्यता मोठी.

पापुद्रा असेल तर तो काढल्याशिवाय वर तेल लावू नका. तेलाला आत जायला वाटच मिळणार नाही, वरच चिकट बसून राहील.

पाऊलवाट

सफाईला प्रेशर वॉशर चालेल ना? तासाभरात काम होतं.

रंधा

चालेल, पण धूळ आणि रसायन धुण्यासाठी. करडेपणा उडवण्यासाठी नको. जोराचा फवारा जवळून मारला की वर्षवलयांमधला मऊ भाग खोदला जातो आणि कडक भाग उभा राहतो. फळी हाताला पन्हाळीसारखी लागते. शिवाय तंतू अजूनच पिंजले जातात. दाब कमी ठेवा, पंख्यासारखा पसरणारा फवारा घ्या, टोक फळीपासून फूटभर लांब ठेवा आणि रेषांच्या दिशेनेच सरका. खरं काम रसायन आणि ब्रश यांनी होतं.

माझी पद्धत सांगतो. पहिल्यांदा सोडियम परकार्बोनेटचा क्लीनर. ही पावडर पाण्यात पडली की हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा तयार होतो. फेस येतो, शेवाळ, बुरशी आणि मळ सुटतो. पंधरा मिनिटं लाकूड ओलं ठेवायचं, मध्ये सुकू द्यायचं नाही, मग ताठ नायलॉनच्या ब्रशने रेषांच्या दिशेने घासून धुवायचं. तारेचा ब्रश नको, त्याचे लोखंडी कण लाकडात अडकतात आणि पुढे काळे डाग पडतात. मिश्रण दरवेळी ताजं करा आणि झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत ठेवू नका, ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुटू शकते.

धुतल्यावर लाकूड आधीपेक्षा काळपट दिसेल, घाबरू नका. क्लीनर अल्कधर्मी असल्यामुळे तसं होतं. त्यावर ऑक्झॅलिक अॅसिडचा ब्राइटनर लावला की फळी डोळ्यांदेखत उजळते. खिळ्यांभोवतीचे निळसर काळे वलय त्यानेच जातात, कारण ते लोह आणि लाकडातलं टॅनिन यांच्या संयोगाचे डाग असतात. हातमोजे आणि चष्मा हवाच, हे आम्ल विषारी आहे. आजूबाजूच्या झाडांना आधी आणि नंतर भरपूर पाणी मारा.

क्लोरीनचं ब्लीच शक्यतो टाळा. बुरशी मरते, पण जोरकस वापरलं तर लाकडाचे तंतूही खिळखिळे होतात. आणि ब्लीच कुठल्याही आम्लात कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो.

शिसवी

सफाईनंतर घासायचं असेल तर एक सावधगिरी. जुन्या प्रेशर ट्रीटेड लाकडात सीसीए, म्हणजे क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक असलेलं द्रावण असू शकतं. अमेरिकेत घरगुती बांधकामासाठी ते २००३ च्या अखेरीस बंद झालं. डेक त्याआधीचा असेल तर फळ्या यंत्राने घासू नयेत, त्या भुशात आर्सेनिक असतं. आणि त्या लाकडाचे तुकडे जाळायचे तर मुळीच नाहीत.

ओसरी

आमचा त्यानंतरचाच आहे, कागद सापडलेत. तंतू टोचतात म्हणून घासावं तर लागेल. किती नंबरचा पॉलिशपेपर?

रंधा

६० किंवा ८०. त्याहून बारीक नको. फर्निचरसारखं गुळगुळीत केलं की रंध्रं बुजतात आणि तेल कमी मुरतं. सगळ्या डेकला एकच नंबर वापरा, नाहीतर छटेत फरक पडेल. स्क्रूची डोकी आधी जरा आत बसवून घ्या, पेपर फाटत नाही. मास्क लावा.

त्यानंतर घाई करायची नाही, वाट बघायची. धुतलेलं लाकूड किमान दोन कोरडे, उन्हाचे दिवस सुकू द्या, दमट हवा असेल तर त्याहून जास्त. ओलावामापक मिळाला तर १५ टक्क्यांच्या खाली आकडा आला पाहिजे. नाहीतर पाण्याचे थेंब टाकून बघा. थेंब दहा मिनिटांच्या आत मुरले तर लाकूड तेल घ्यायला तयार आहे. मण्यांसारखे तसेच बसले तर एकतर जुना थर शिल्लक आहे, नाहीतर लाकूड अजून मोकळं झालेलं नाही. ही परीक्षा तीन-चार ठिकाणी घ्या, सावलीत आणि वाटेवर निकाल वेगळे येतात.

शिसवी

आमचा डेक इपे नावाच्या कठीण लाकडाचा आहे, म्हणून हार्डवुडबद्दल लिहिते. इपे इतकं घट्ट की काही तुकडे पाण्यात बुडतात. अशा लाकडाला तेल प्यायला जागाच नसते. साग तुलनेने हलका, पण त्यात स्वतःचं तेल असतं. दोन्हींना एकच हात द्यायचा, तोही अगदी पातळ, आणि दहा-पंधरा मिनिटांत कोरड्या फडक्याने पुसून काढायचा. हार्डवुडसाठी वेगळा डबा असतो तो याचसाठी, त्यातलं तेल जास्त पातळ असतं. पाइनसाठीचं दाट तेल इपेवर लावलं तर ते दिवसेंदिवस चिकटच राहतं.

आणि दर वर्षी हात द्यावा लागतो. ते ज्यांना नको त्यांनी हार्डवुड सरळ करडं होऊ द्यावं. टिकाऊपणात काही कमी होत नाही, फक्त वरचेवर धूत राहायचं.

पाऊलवाट

चिकटचा विषय निघालाच आहे तर विचारतो. शेजाऱ्यांच्या डेकवर तीन हात दिलेत आणि आता आठवडा झाला तरी बोटाला चिकटतंय. त्यांना काय सांगू?

भुसा

तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं. जे आत मुरलं ते लाकडाशी एकजीव होतं, जे वर उरलं ते थराच्या रूपात वरून सुकतं आणि खाली ओलं राहतं. आठवड्यानंतरही मिनरल स्पिरिटने भिजवलेल्या फडक्याने घासून निघू शकतं. नाही निघालं तर त्याच तेलाचा अगदी पातळ हात वर फिरवा, त्याने जुना थर मऊ होतो, आणि लगेच दोन्ही मिळून पुसून काढा. महिनाभर तसंच राहिलं तर स्ट्रिपरशिवाय, म्हणजे जुना थर सोडवणाऱ्या रसायनाशिवाय, इलाज नाही.

रंधा

डेकचं तेल हे भाजणीतल्या मोहनासारखं आहे, प्रमाणाबाहेर गेलं की बिघडतं. जास्त तेल म्हणजे जास्त संरक्षण नव्हे. लाकूड जेवढं पिईल तेवढंच द्यायचं.

लावायची रीत अशी:

डबा तळापासून ढवळा, रंगद्रव्य खाली बसतं. काम चालू असतानाही अधूनमधून ढवळत राहा. दोन-तीन डबे असतील तर सगळे एका बादलीत एकत्र करून घ्या, एकाच छटेच्या दोन डब्यांतही किंचित फरक असतो.

उन्हात तापलेल्या फळीवर लावू नका. सकाळचं दव उडाल्यावर, ऊन डेकवर येण्याआधी, किंवा संध्याकाळी सावली आल्यावर, पण पुन्हा दव पडायच्या आत तेल बसेल इतका वेळ हातात ठेवून. १० ते ३० अंश तापमान बरं. पुढचा दीड-दोन दिवस पाऊस नसावा.

एका वेळी दोन किंवा तीन फळ्या घ्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण करूनच थांबा. मध्येच थांबलात तर तिथे कड सुकते आणि पुढचा हात तिच्यावर चढला की गडद पट्टा उमटतो. तो पट्टा नंतर जात नाही. रोलरने पसरायचं असेल तर पसरा, पण मागोमाग ब्रश फिरवायलाच हवा, ब्रश तेल आत रेटतो. फवाऱ्याने लावलं तरी तेच.

फळ्यांची कापलेली तोंडं विसरू नका. लाकडाच्या नळ्या त्या दिशेला उघड्या असतात, पाणी बाजूंपेक्षा तिथून कितीतरी पटींनी जास्त शिरतं. कुजायला सुरुवात होते तीही तिथूनच. त्यांना तेल दोन-तीन वेळा, ती पितील तितकं द्या.

वीस मिनिटांनी डेक तिरक्या नजरेने बघा. जिथे चकाकी दिसते तिथे तेल वर उरलंय, ते फडक्याने पुसा. दुसरा हात डब्यावर सांगितला असेल तरच, आणि बऱ्याच तेलांना तो पहिला ओला असतानाच द्यायचा असतो. पहिला पूर्ण सुकला की रंध्रं बंद होतात आणि दुसरा वर बसतो. हे डबा वाचून ठरवा, प्रत्येक उत्पादनाचं वेगळं असतं.

शिसवी

पुसलेल्या फडक्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही, आणि या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. तेलाची फडकी बोळा करून टाकू नका. सुकताना तेल उष्णता सोडतं. बोळ्यात ती अडकते, वाढत जाते आणि फडकं आपोआप पेट घेतं. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. काही तासांत होतं, म्हणजे काम संपवून तुम्ही झोपलेले असता तेव्हा. फडकी उघड्यावर एकेक सुटी पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा. रोलरची गुंडाळी आणि तेल सांडलेला भुसा यांनाही हाच नियम.

भुसा

शिसवी, शतशः धन्यवाद. हे धाग्याच्या वरच यायला हवं होतं.

ओसरी

तुमचं वाचून संध्याकाळी कोपरा खरवडून बघितला. सालीसारखं काही निघालं नाही, भुगाच आला, तपकिरी. म्हणजे आधीचंही तेलच असावं. वाटेवर पाण्याचे थेंब टाकले ते लगेच मुरले, भिंतीजवळ मात्र बराच वेळ तसेच होते.

आता निगेबद्दल सांगा. एकदा एवढं सगळं केल्यावर पुढच्या वर्षी पुन्हा हेच सगळं करायचं?

रंधा

नाही, आणि तेलाचा खरा फायदा इथेच आहे.

वर्षातून एकदा सौम्य क्लीनरने धुवायचं. एरवी केर काढत राहायचा, विशेषतः दोन फळ्यांमधल्या फटींतला. पानं तिथे कुजतात, ओल धरतात आणि खालच्या वाशांचं लाकूड सडवतात. पुट्टीची बोथट पट्टी फटीतून ओढली की सगळा गाळ निघतो. कुंड्या थेट फळीवर ठेवू नका, खाली पाय लावून हवा खेळू द्या, आणि मधूनमधून जागा बदला. रबरी पाठीचे पायपुसणे काढून टाका, त्यांच्याखाली ओल कोंडते.

मग थेंबांची परीक्षा. पाणी वाटेवर झटकन मुरायला लागलं आणि रंग फिका वाटला की साफ करून, सुकवून, एक पातळ हात. बहुतेकदा तो फक्त उन्हाच्या आणि वाटेच्या भागाला पुरतो. भिंतीजवळ जुनं तेल अजून जिवंत असेल तर तिथे नवं चढवू नका, नाहीतर दर वर्षी तिथलाच रंग गडद होत जाईल. छटेतला फरक जाणवू नये म्हणून फळीच्या मध्यावर न थांबता पूर्ण फळीच घ्यायची.

एक मात्र पाळा: तेल तेच आणि छटा तीच ठेवा. पूर्ण उतरायची वाट बघत बसू नका. करडं पडल्यावर पुन्हा घासणं, ब्राइटनर, सगळं पहिल्यापासून. थोडं आधी केलंत तर धुणं आणि एक हात एवढंच.

करवतकाठी

हे वाचून आता कठड्याला सॉलिड आणि पायाखाली तेल असं करून बघावं असं वाटायला लागलंय. निदान ज्या फळ्या नव्याने बदलायच्यात तिथून सुरुवात करता येईल.

रंधा

नव्या फळ्या बसवण्याआधीच त्यांना सहाही बाजूंनी तेल द्या. एकदा ठोकल्या की खालच्या बाजूला हात पोचत नाही. फक्त ट्रीटेड लाकूड आणल्या आणल्या आतून ओलं असतं, ते सुकेपर्यंत थांबा. कधी काही आठवडे लागतात, कधी महिने. थेंबांची परीक्षा इथेही लागू. आणि स्क्रू स्टेनलेसचे किंवा हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, हल्लीच्या ट्रीटमेंटमधलं तांबं साधं लोखंड लवकर खातं.

ओसरी

ठरलं. सेमी ट्रान्स्परंट, सीडरची छटा, आधी डेकच्या मागच्या कोपऱ्यातल्या एका फळीवर लावून बघणार. शेवटचा प्रश्न: पुढच्या वर्षीसाठी थोडं उरवून ठेवलं तर टिकेल का?

भुसा

टिकेल. अर्ध्या रिकाम्या डब्यातली हवाच ते सुकवते आणि वर साय धरते, म्हणून उरलेलं तेल लहान डब्यात काठोकाठ भरा. झाकणाची खाच पुसून मगच झाकण बसवा. डब्यावर उत्पादनाचं नाव, छटा आणि तारीख लिहा, आणि डबा गोठणार नाही व तापणार नाही अशा जागी ठेवा. पुढच्या वर्षी साय दिसली तर ती ढवळून मिसळू नका, कापून बाहेर काढा आणि तेल गाळून घ्या. तेल जेलीसारखं झालं असेल तर टाकूनच द्यायचं.